आईचं मनगट मोडलं तेव्हाच कळायला हवं होतं

खूप दिवस लिहायचं म्हणत होते, आज लिहितेच. आईचं मागच्या महिन्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. मोरीतून बाहेर येताना पायपुसण्यावरून सटकली आणि बसली ती तिला उठताच येईना. भेटायला येणारे सगळे एकच म्हणतात, अगं वय झालं, या वयात हाडं मोडायचीच. मला ते ऐकवत नाही. कारण दोन वर्षांपूर्वी हिचंच मनगट मोडलं होतं, दारात रांगोळी काढून उठताना तोल गेला, हात टेकला, बास एवढंच. प्लास्टर घातलं, दीड महिन्याने काढलं, डॉक्टर म्हणाले छान जुळलंय, आणि आम्ही सगळे विसरलो. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलंच कसं हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मीही नाही.

उभ्या उभ्या पडून मनगट, मणका किंवा खुबा मोडला तर आधी ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची, शंका घ्यायची असते, हे मला आता कळलं. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि हाड बनण्यापेक्षा झिजणं जास्त व्हायला लागतं. दुखत काहीच नाही, हाच घात आहे. आईला वर्षभरापासून फडताळातला वरचा पोह्यांचा डबा हाताला लागत नव्हता, स्टूल घ्यायची, आम्हाला वाटायचं पाठीत वाकली. आता एक्स-रेत दिसलं की दोन मणके कधीतरी दबलेत, तिला पत्ताही नाही!!

डेक्सा स्कॅन म्हणून हाडांची घनता मोजायची तपासणी असते, आडवं पडून राहायचं, सुई नाही काही नाही, पंधरावीस मिनिटांत मोकळं. त्यात टी-स्कोअर येतो, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपली हाडं किती भरीव आहेत ते सांगणारा आकडा. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली आला की ऑस्टिओपोरोसिस. आईचा उणे ३.४. शिबिरात टाचेला मशीन लावून सांगतात ना "हाडं चांगली आहेत", त्यावर विसंबू नका, ती फक्त चाळणी आहे. दम्याला किंवा संधिवाताला बरेच महिने स्टेरॉइड चालू असेल तर पुरुषांनीही डॉक्टरांना याबद्दल विचारा.

आणि नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी हे भागत नाही. नाचणी, दूध, तीळ खावंच, डी जीवनसत्त्वही तपासावं, पण हाड एकदा इतकं ठिसूळ झालं की त्याची वेगळी औषधं लागतात. एक आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असते, सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं इंजेक्शनही असतं. म्हणजे उपाय होता, दोन वर्षांपूर्वीही होता, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

आई आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते, ओट्याला धरून उभी राहते, पोळी लाटायला अजून जमत नाही म्हणून चिडते. मावशी भेटायला आली होती, तिच्या मनगटाला गेल्याच आठवड्यात प्लास्टर घातलंय, म्हणे ओल्या फरशीवर घसरले गं, वयाचंच आहे. सोमवारी सकाळी साडेदहाची तिची डेक्साची अपॉइंटमेंट घेतलीय मी, नको नको म्हणत होती तरी.