एकशे तीन पायऱ्या, आणि मागच्या अंगाच्या

पर्वतीच्या पायऱ्या १०३. पुण्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, हा आकडा चुकणार नाही. मी स्वतः गेली बावीस वर्षं आठवड्यातून चार दिवस तरी त्या चढते. वर देवदेवेश्वराला नमस्कार, कठड्यावर दोन मिनिटं वारा, मग मागून तळजईच्या बाजूला टेकडीवर आणि घरी. आमच्या ग्रुपातल्या सगळ्यांचा हाच शिरस्ता.

गेल्या रविवारी पहिल्यांदाच हाच डोंगर दुसऱ्या अंगाने चढले. जनता वसाहतीतून, म्हणजे मागच्या उतारावरच्या झोपडपट्टीतून. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींच्या नातवाचं बारसं होतं. सोळा वर्षं मावशी आमच्याकडे येतात. आमच्या घरातलं तिखटाचं प्रमाण, नवऱ्याची शुगर, मुलीचं परदेशातलं घड्याळ, सगळं त्यांना पाठ. आणि मी त्यांच्या घरी सोळा वर्षांत पहिल्यांदा गेले. लिहिताना लाज वाटतेय, पण पुढचं सगळं लिहायचं तर हे आधी सांगून टाकलेलं बरं.

रिक्षावाल्याने कालव्यापाशीच सोडलं. "वर नाही जात ताई, आणि गेली तरी वळत नाही." मावशींचा मुलगा घ्यायला आला होता. गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि ते कुठल्या क्रमाने लागतात हे तिथे राहणाऱ्यालाच कळतं. पहिल्या वळणानंतर रस्ता संपतो आणि पायऱ्या सुरू होतात. सिमेंटच्या, मध्येच शहाबादी फरशीच्या, एके ठिकाणी कुणाच्या तरी जुन्या ओट्याचा दगड लावलेल्या. एकीची उंची दुसरीला जुळत नाही. अंगवळणी पडलेली माणसं मोबाइलवर बोलत झपाझप चढत होती. मी, बावीस वर्षांची अनुभवी पर्वतीकर, भिंतीला हात लावत.

मला खोड आहे, मी मोजायला लागले. सत्त्याऐंशीला वरून आवाज आला, "बाजू, बाजू!" एक पोरगा रिकामा सिलेंडर खांद्यावर घेऊन उतरत होता. मी भिंतीला चिकटले. त्याच्यामागे दुसरा. खाली गाडीपाशी रिकामा द्यायचा आणि भरलेला वर न्यायचा. भरलेला म्हणजे १४.२ किलो गॅस आणि साधारण तेवढंच लोखंड. मावशींचा मुलगा म्हणाला, गाडी इथवर येत नाही, ज्याच्या घरात तरणं पोर आहे त्याने स्वतः न्यायचा, नाहीतर या पोरांना पैसे द्यायचे. म्हणजे आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर लिफ्टने येणाऱ्या सिलेंडरपेक्षा यांचा सिलेंडर महाग. सत्त्याऐंशीनंतर किती झाल्या, मला माहीत नाही. मोजणी तिथेच मोडली.

घर म्हणजे खाली एक खोली, वर लोखंडी शिडीने पोटमाळा. पाळणा वरच्या पाइपाला बांधलेला, गोंड्याच्या माळा लावलेला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी अण्णा भाऊ साठ्यांचा, आणि खाली कोनाड्यात विठ्ठल. बायकांनी मला एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं आणि सगळ्या खाली बसल्या. मी खाली बसायला लागले तर मावशी अशा काही रागावल्या की बसले गुपचूप खुर्चीत. आत्याने कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले, घुगऱ्या वाटल्या. हे सगळं आपल्याकडे जसं होतं तसंच.

मावशींच्या सासूबाई दाराशी बसल्या होत्या. बहात्तरच्या दुष्काळात सोलापूरकडून नवऱ्यामागे आलेल्या. "तवा हितं निस्ती टनटनी आन् दगड व्हती बगा. आमीच फोडून जागा क्येली." नवरा बिगारी, त्या पाट्या टाकायला. कुठल्या कुठल्या इमारतींवर काम केलं ते त्या सांगत होत्या आणि त्यातल्या दोन सहकारनगरमधल्या, आमच्या रोजच्या रस्त्यावरच्या निघाल्या. मी विचारलं, पर्वतीच्या देवळात जाता का कधी?

"लगीन झाल्यावर एकदा गेल्ते. रोज डोंगर चढतीच की, आनि द्येवासाठी कशाला चढू?"

यावर मला बोलायला काही सुचलं नाही. चहा प्यायले.

आता मुद्द्यावर येते. आमच्या टेकडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फोटो येतो. पर्वतीच्या मागच्या कठड्यावरून काढलेला, खाली पत्रे, निळं प्लास्टिक, डिश अँटेना. खाली मजकूर ठरलेला: 'टेकडीला लागलेली कीड', 'हिरव्या डोंगराचं काय केलं बघा'. त्यावर वीस-पंचवीस रडके चेहरे. मीही टाकलेत. एकदा फोटो पुढेही पाठवलाय.

कीड कशाला म्हणायचं? आम्ही टेकडीवर जे हिरवं बघून सुखावतो त्यात पुष्कळसं गिरिपुष्प आहे, बाहेरून आणून लावलेलं झाड. वसाहतीच्या सांडपाण्याने आणि कचऱ्याने उताराची वाट लागली आहे, हे खोटं नाही. घरं वर वर सरकत गेली आहेत, हेही खोटं नाही. मावशींचा मुलगा स्वतः सांगत होता की त्याच्या लहानपणी शेवटचं घर त्यांचं होतं, आता त्यांच्यावर तीन ओळी आहेत. पण तळजईच्या झुडपांत सापडणाऱ्या बिअरच्या बाटल्या चारचाकीतून येतात. कुत्र्यांना बिस्किटं घालून पुडा तिथेच टाकणारे आमच्याच ग्रुपातले एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांना बोलायची माझी हिंमत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आणि टेकडीवर पहाटे सगळ्यात आधी कोण असतं? आम्ही सहाला पोचतो तोवर वस्तीतल्या पोरी पोलीस भरतीसाठी पळून घामाघूम झालेल्या असतात. एकीच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, बाकीच्या तिच्या ओरडण्यावर पळतात. परवा एकीच्या बुटाचा तळवा निघालेला, तिने रबरबँड लावून फेरी पूर्ण केली. मी बावीस वर्षं या टेकडीला 'आमची टेकडी' म्हणतेय.

पाण्याचं तर बोलूच नये. पायथ्याशी खडकवासल्याचा उजवा मुठा कालवा वाहतो. शेजारी पर्वती जलकेंद्र, जिथून निम्म्या पुण्याच्या नळाला शुद्ध पाणी जातं. निम्मं हा माझा अंदाज, पण आमच्या नळाला तिथूनच येतं. आणि वसाहतीतल्या वरच्या गल्ल्यांना प्रेशर नाही. मावशी पहाटे चारला उठून पाणी भरतात. दारासमोर निळी पिंपं, त्यांवर झाकण म्हणून जुनी फ्लेक्स, फ्लेक्सवर कुणातरी भावी नगरसेवकाचे जोडलेले हात. पूर्वी नळकोंडाळं होतं, आता घरोघरी नळ आहेत. पण नळ असणं आणि पाणी असणं यात चार वाजताच्या गजराचं अंतर आहे. सोळा वर्षांत मावशी कधीतरी उशिरा आल्या की मी घड्याळाकडे बघत दार उघडलेलं आहे.

पाणी नको तेव्हा मात्र आलं. २७ सप्टेंबर २०१८, कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत भर दिवसा पूर घुसला. मावशींची नणंद तिथे राहते. धाकटीच्या लग्नासाठी जमवलेली भांडी, कपाट, पोरांची पुस्तकं, सगळं गेलं. भिंत उंदीर-घुशींनी पोखरली, असं तेव्हा सरकारकडून सांगण्यात आलं. पुणेकरांनी त्यावर आठवडाभर विनोद केले. मीही हसले होते. नणंदेचं मला तेव्हा माहीत होतं, मावशींनी चार दिवस सुट्टी मागितली होती म्हणून.

आणखी एक. शाळेच्या सहलीत आम्हाला शिकवलं की पर्वतीवरचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधलं, पानिपताच्या धक्क्यानंतर १७६१ साली त्यांनी इथेच प्राण सोडले. याच देवळात प्रवेश मिळावा म्हणून १३ ऑक्टोबर १९२९ ला अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांनी सत्याग्रह सुरू केला, शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज पुढे होते, एसेम जोशींसारखे तरुण सोबत होते आणि सत्याग्रहींवर दगड पडले, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. काळाराम मंदिर सगळ्यांना माहीत असतं. ते नाशिकला आहे. हे आमच्या रोजच्या पायऱ्यांवरचं. म्हाताऱ्या आजी देवळात का जात नाहीत याचा याच्याशी संबंध असेल किंवा नसेलही, त्यांचे गुडघे दुखतात हे त्यांनीच सांगितलं. मी विचारलं नाही. बारशाला जाऊन असले प्रश्न विचारायचे नसतात.

हल्ली काही हौशी मंडळी गळ्यात कॅमेरे अडकवून वस्त्यांमध्ये 'वॉक' करतात. 'खरं पुणे' बघायला. मला कुणी तसं बोलावलं तर मी जाणार नाही, आणि हे वाचून तुम्हीही प्लीज जाऊ नका. बोलावलं तर जा. हातात काहीतरी घेऊन जा, वाटीभर घुगऱ्या खा. वसाहतीतल्या पोरासोरांनाही आता एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) आणि टीडीआर (बांधकामाचे विकता येणारे हक्क) हे शब्द पाठ आहेत. कोण मोजायला आलं, कोण फोटो काढायला, ते बरोबर ओळखतात. मला बघूनही एका बाईने आधी विचारलं, "सर्व्हेच्या का?" मावशींनी परस्पर उत्तर दिलं, "नाय, आमच्या घरच्या हायेत."

निघताना मावशींनी डबा दिला. वर शेंगदाण्याची चटणी, खाली बारशाचा शिरा. उतरताना पुन्हा पायऱ्या मोजायच्या ठरवल्या होत्या, या वेळी खालपर्यंत. पण मावशींचा मुलगा बरोबर होता, त्याला अग्निशमन दलाच्या भरतीची माहिती हवी होती, फॉर्म कुठे भरायचा, उंची किती लागते. बोलता बोलता कालवा आला.