नवं दुखणं काढायचंय? आधी जुन्याची परवानगी घ्या

तर मंडळी, तुमच्यापैकी ज्यांच्या मागं आधीच एक कायमचं दुखणं आहे, फायब्रोमायल्जिया (अंगभर कायम दुखत राहणारा आजार) म्हणा, मणक्याचं म्हणा, संधिवात म्हणा, आणि आता अंगात दुसरीकडंच कुठंतरी नवीन दुखायलंय, त्यांच्यासाठी हे चार शब्द. माझे टाके अजून ओले आहेत, म्हणलं राग पण ताजा आहे तोवर लिहून टाकावं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नवीन दुखणं काढूच नका. एका बाईला एक आजार पुरे.

तरी दुखायलंच, तर डॉक्टरपुढं जुन्या आजाराचं नाव काढू नका. नाव काढलं की पेन खाली. नाही काढलं आणि मग गोळ्यांची चिठ्ठी निघाली की "आधी सांगायला काय झालं होतं" म्हणून बोलणी बसतात. कसं जमवायचं ते तुमचं तुम्ही बघा.

दवाखान्यात जाताना इस्त्रीची साडी नेसू नका, "तब्येत तर चांगली दिसतेय" म्हणतात. गाऊनवर ओढणी टाकून गेलात तर "टेन्शन घेता का हो फार?" रडू नका. न रडताही सांगू नका.

दहापैकी किती दुखतंय विचारलं तर सात म्हणा. आठ म्हणजे नाटक, सहा म्हणजे घरी जा.

नवऱ्याला सोबत न्या, कारण त्याशिवाय प्रश्न विचारायचे कुणाला? दुखतंय माझ्या पोटात आणि डॉक्टर ह्यांच्याकडं बघून विचारतात, "ह्यांना नेहमीच असं होतं का?" आमचे हे म्हणजे, घरात मीठ कुठं असतं ते माहिती नाही, पण तिथं एकदम मान हलवून "हो, हो, नेहमीचंच." बाहेर आल्यावर मी बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फाईल न्या. मोठी फाईल नेली की डॉक्टर ती उघडत नाहीत, छोटी नेली की मागचे रिपोर्ट मागतात.

आता पुढचं नीट ऐका. तुपाचं खाल्ल्यावर दुखतंय असं चुकूनही सांगू नका, कारण ते ऐकून घेणारं तिथं कुणी नसतं. अधिक महिन्यात माहेरी धोंड्याचं जेवण होतं, ह्यांना वाण, ताटात तुपात बुडवलेले धोंडे, वर आईचा आग्रह. रात्री उजव्या बरगडीखाली असं धरलं की बसवेना ना उभं राहवेना, कळ पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत, वर उलटी. माझं रोजचं दुखणं मला माहितीय ओ! इतकी वर्षं त्याच्यासोबत संसार केलाय. ते अंगभर असतं, सकाळी उठताना जास्त असतं, झोप झाली नाही की वाढतं. हे तसलं नव्हतंच, हे एका जागी, तासदोन तास जीव खाऊन जायचं आणि तेलकट-तुपकट पोटात गेलं की परत हजर. एवढं सगळं, अगदी असंच, मी डॉक्टरला सांगितलं. ते मोबाईलवर बोट फिरवत म्हणले, "फायब्रो वाढलाय तुमचा." फायब्रोची माझी गोळी, प्रेगाबलीन, 75 ची 150 केली. मी म्हणलं सर पोटात दुखायलंय. म्हणले फायब्रोत पोट पण दुखतं. म्हणलं खांद्यात कळ येतीय. म्हणले खांदा तर त्याचाच. ताप आलाय म्हणलं असतं तर तोही त्याच्याच नावावर चढला असता, माझ्या अंगाच्या सातबाऱ्यावर एकच मालक लागलाय ना, नवीन फेरफार बंद! 150 च्या गोळीनं कळ काही थांबली नाही, फक्त भाकरी थापताना पेंग यायली.

मग मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणले, म्हणून तपोवन रेल्वेनं संभाजीनगर. तिथं खांदा ऐकला की लगेच मानेचा एमआरआय. रिपोर्टात काय, मानेत थोडी झीज. या वयात कुणाच्या मानेत नसते? गंमत म्हणजे पित्ताशयाची कळ उजव्या खांद्यात का निघते, तर छातीखालच्या पडद्याची नस आणि खांद्याकडच्या नसा मानेतल्या त्याच भागातून निघतात. एवढ्या मोठ्या मशीनमध्ये मानेचे फोटो काढले आणि दोन वीत खाली कुणी बघितलं नाही.

घरी आले तर नणंद म्हणाली पित्त झालंय, इनो घे. शेजारच्या काकू म्हणाल्या वात आहे, वांगं बंद कर. तेही केलं.

शेवटी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, पंखा कुरकुरायलेला, बाहेर ही लाईन, सरकारी सेवेच्या बाँडवर आलेली एक डॉक्टर पोरगी. माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली ताई पडा इथं. उजव्या बरगडीखाली बोटं दाबून धरली आणि म्हणाली आता मोठा श्वास घ्या. श्वास अर्ध्यातच अडकला, मी किंचाळले. तिनं चिठ्ठीवर सोनोग्राफी लिहिली, उद्या उपाशीपोटी या. पित्ताशयात खडे, पिशवी सुजलेली. दुर्बिणीतून काढली.

बास झाली चेष्टा. त्या तपासणीला मर्फी साईन म्हणतात, कॉलेजात शिकवतात, मशीन लागत नाही, पैसा लागत नाही, मिनिटभरसुद्धा लागत नाही. फायब्रोमायल्जियाचे निकष 2016 साली सुधारले तेव्हाच लिहून ठेवलंय की हा आजार असला म्हणून दुसरा मोठा आजार नाही असं होत नाही. मग फायब्रो असलेल्या बाईला खडे होत नाहीत, अपेंडिक्स होत नाही, हार्ट अटॅक येत नाही, हे तुम्ही कुठं वाचलं? आम्ही रोज दुखणं सोसतो ते दवाखान्यात येऊन सांगत बसत नाही, स्वयंपाक करतो, नोकरी करतो, लेकरांचे डबे भरतो. अशी बाई स्वतःहून येऊन "हे नेहमीचं नाही" म्हणते तेव्हा तिचं ऐकायला काय जातं तुमचं? पिशवी फुटली असती तर तेही फायब्रोनंच फुटली म्हणला असता का? आणि नवरे लोकहो, माहिती नसेल तर मान हलवू नका, तोंड बंद ठेवा आणि पिशव्या धरा. डॉक्टर, कॉम्प्युटरमधलं जुनं नाव नंतर वाचा. पाचशे रुपये फी घेताय ना, मग पोटाला हात लावा की आधी!