‘डिग’ शोधले आणि डिजिकॅम मिळाले: आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय ग्राहक, नमस्कार.

लिनक्सची पॅकेजे, म्हणजे बसवायला तयार बांधलेली सॉफ्टवेअर, शोधण्याच्या आमच्या संकेतस्थळाला आपण एक तारा दिला आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत डेबियन १२ हे लिनक्सचे वितरण बसवताना संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता विचारणारी ‘डिग’ ही कमांड कोणत्या पॅकेजात येते ते अर्धा तास शोधूनही मिळाले नाही, फाइलचा पूर्ण मार्ग टाकल्यावर ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर आले, आवृत्त्या जुन्या दिसल्या, मराठी पानांवरचे शब्द कळले नाहीत आणि मागच्या पानावर गेल्यावर निवडलेले फिल्टर पुसले गेले, असे आपण लिहिले आहे. आपली संस्था आमची वर्गणीदार आहे. आपला वेळ वाया गेला याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे आणि मालक या नात्याने उत्तर स्वतः लिहीत आहे.

अभिप्राय वाचल्यावर मी फोनवर आपलाच शब्द टाकून पाहिला. सर्वांत वर डिजिकॅम हे छायाचित्रांचे सॉफ्टवेअर आले, त्याखाली ‘लिबडायजेस्ट’ने सुरू होणाऱ्या पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्रऱ्यांची रांग लागली आणि मध्येच प्रॉडिगल आले, जे जिवाणूंच्या जीनोममधील जनुके ओळखण्यासाठी वापरतात. या सर्वांच्या इंग्रजी नावांत डी, आय आणि जी ही तीन अक्षरे लागोपाठ येतात, एवढाच त्यांचा डिगशी संबंध. डेबियन १२ मध्ये डिग ज्यात आहे ते पॅकेज ‘बाइंड९-डीएनएसयुटिल्स’. त्याच्या नावात ती अक्षरे नाहीत, आणि त्याचे एका ओळीचे वर्णन बाइंड ९ या नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरसोबत मिळणारी क्लायंट साधने एवढेच सांगते. आमचा शोध नाव आणि ती एक ओळ यांपलीकडे पाहतच नव्हता. सविस्तर वर्णनात डिगचा स्पष्ट उल्लेख आहे, पण तिथवर आम्ही पोहोचलो नव्हतो.

ही चूक एका शब्दापुरती नाही. हे संकेतस्थळ आम्ही पॅकेजांची नावे तोंडपाठ असलेल्यांच्या सवयीने बांधले, कारण आम्ही स्वतः तसे आहोत. ज्याला नाव ठाऊक आहे तो टर्मिनलवर एक ओळ लिहून मोकळा होतो. शोधायला येणारा माणूस एखादी कमांड, न सापडणारी फाइल किंवा पडद्यावर उमटलेली त्रुटीची ओळ घेऊन येतो. त्यातच नावे लिनक्सच्या प्रत्येक वितरणात, म्हणजे डिस्ट्रोत, बदलतात. हीच डिग फेडोरात ‘बाइंड-युटिल्स’मध्ये तर आर्चमध्ये ‘बाइंड’मध्ये असते, आणि डेबियनमधल्या ‘अपाचे२’ या वेबसर्व्हरला फेडोरात ‘एचटीटीपीडी’ म्हणतात.

म्हणून शोधाचा क्रमच आम्ही बदलला आहे. कोणती फाइल कोणत्या पॅकेजात आहे याची ‘कंटेंट्स’ नावाची यादी डेबियन आपल्या भांडारात ठेवते आणि ‘अ‍ॅप्ट-फाइल’ हे साधन तिच्यावरच चालते. ती यादी आता आमच्या शोधाचा पाया आहे. टाकलेला शब्द एखाद्या कमांडशी तंतोतंत जुळला तर ते पॅकेज सर्वांत वर येते, त्यानंतर नाव तंतोतंत जुळणारी, आणि अक्षरे केवळ मध्ये कुठेतरी येणारी पॅकेजे सर्वांत शेवटी. आज डिग शोधल्यास पहिल्या ओळीत योग्य पॅकेज दिसते आणि त्याखाली इतर डिस्ट्रोंमधली त्याची नावे दिसतात.

पूर्ण मार्ग टाकून काही न मिळण्याचे कारण वेगळे होते, आणि ते शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. आपण ‘पिंग’ या जाळ्यावरची जोडणी तपासणाऱ्या कमांडचा मार्ग ‘यूएसआर’खालच्या ‘बिन’मधला दिला होता, आणि आपल्या यंत्रावर तो तसाच दिसतो. डेबियन १२ मध्ये सर्वांत वरच्या पातळीवरची ‘बिन’ ही डिरेक्टरी ‘यूएसआर’मधल्या ‘बिन’कडे बोट दाखवणारा दुवा आहे, मात्र पिंगच्या पॅकेजाने आपली फाइल जुन्या, आखूड मार्गानेच नोंदवली होती. मार्ग दोन, फाइल एकच, आणि आमचा शोध अक्षराला अक्षर लावून पाहणारा. आता दोन्ही मार्ग एकच मानले जातात.

आवृत्त्यांच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. डेबियन १२ मध्ये ओपनएसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षित प्रवेशाचे सॉफ्टवेअर) ९.२ दिसते, याचा अर्थ त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या नाहीत असा होत नाही. स्थिर आवृत्तीत डेबियन मूळ क्रमांक कायम ठेवून नव्या आवृत्तीतली दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवते आणि तिची खूण क्रमांकाच्या शेपटात ठेवते. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमधली जी गंभीर त्रुटी उघड झाली, तिची दुरुस्ती डेबियन १२ मध्ये ‘डेब१२यू३’ या शेपटासह आली; मूळ क्रमांक ९.२च राहिला. हे शेपूट ओळ सुटसुटीत दिसावी म्हणून आम्ही कापत होतो. त्यामुळे आपला गैरसमज आमच्या पानानेच करून दिला, हे मला मान्य आहे. आता क्रमांक पूर्ण दिसतो आणि शेजारी शेवटच्या दुरुस्तीची तारीख असते.

याच संदर्भात एक धोकादायक गोष्ट आमच्या लक्षात आली, जी आपण लिहिलेली नव्हती. ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘लिबएसएसएल’ लायब्ररीची १.१ फाइल सापडत नाही, ही त्रुटीची ओळ घेऊन अनेक जण येतात. त्यांना आम्ही डेबियन ११ चे पॅकेज सर्वांत वर दाखवत होतो, तेही डाउनलोडच्या बटणासह. ओपनएसएसएल १.१.१ चा मूळ प्रकल्पाकडून मिळणारा सर्वसाधारण आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला, आणि डेबियन १२ मध्ये तिसरी मालिका आहे. जुन्या डिस्ट्रोतले पॅकेज नव्यावर चढवा, असेच आम्ही न बोलता सुचवत होतो. ते बटण काढले आहे. त्याजागी आपला प्रोग्राम नव्या लायब्ररीसाठी बांधलेला आहे का ते आधी पाहा, अशी सूचना येते.

मराठी पानांबद्दलची आपली तक्रार मला सर्वाधिक लागली, कारण ते शब्द मीच निवडले होते. ‘अवलंबित्वे’, ‘शिफारशी’ आणि ‘सूचित’ असे तीन मथळे वाचून आपल्या प्रयोगशाळा सहायकांना कोणते पॅकेज आपोआप येणार हे कळले नाही, असे आपण लिहिले आहे. ते कळणारही नव्हते, कारण पॅकेजे बसवणारे डेबियनचे साधन ‘अ‍ॅप्ट’ शिफारस केलेली पॅकेजेही वेगळे सांगितले नाही तर आपणहून बसवते, हे त्या शब्दातून समजत नाही. आता तेथे ‘हे लागतेच’, ‘हे सहसा सोबत येते’ आणि ‘हवे असल्यास घ्या’ असे लिहिले आहे. नव्या मथळ्यांचे पान आमच्या कार्यालयात हिशेब पाहणाऱ्या ताईंना दाखवले. लिनक्सशी त्यांचा काही संबंध नाही, तरीही कोणती पॅकेजे न मागता येतील हे त्यांनी बरोबर सांगितले.

दोन आवृत्त्यांची तुलना करणारा तक्ता फोनवर अजूनही उजवीकडे बाहेर जातो आणि शेवटचा रकाना बोटाने सरकवल्याशिवाय दिसत नाही. ते काम अपुरे आहे. आपल्या संस्थेची वर्गणी तीन महिन्यांनी वाढवली आहे, त्यासाठी आपल्याला काही करावे लागणार नाही.

फिल्टर पुसले जाण्याचा प्रकार आम्ही तीन ब्राउझरांवर करून पाहिला, पण आमच्याकडे तो घडत नाही. आपण कोणता ब्राउझर वापरत होता आणि मागे जाण्यापूर्वी पॅकेजाचे पान नव्या टॅबमध्ये उघडले होते का, एवढे याच अभिप्रायाखाली कळवावे, ही विनंती.