तीनदा मागितलेली फाईल साइटवर का नाही?

परवा सांगलीच्या दादाशी, म्हणजे माझ्या चुलतभावाशी, फोनवर चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, माहिती अधिकार म्हणजे आता धंदा झालाय, चार लोक अर्ज टाकतात, मग सेटिंग करतात, तू तिकडं अमेरिकेत बसून काय बोलतोस. ब्लॅकमेल करणारे आहेत हे मलापण मान्य आहे, पण मला सांगा, जी फाईल सगळ्यांना उघडी दिसतेय तिच्यावर कोण कुणाला ब्लॅकमेल करणार?

२००५ च्या कायद्यातच कलम ४ आहे. १७ बाबी कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायच्या, १२० दिवसात, आणि दरवर्षी अपडेट करायच्या. लोकांना अर्ज करायची गरजच कमीत कमी पडावी म्हणून हे इंटरनेटवरपण टाका असं स्पष्ट लिहिलंय. आमच्या काकांनी २०१९ च्या महापुरानंतर गल्लीतल्या नाल्याचं एस्टिमेट मागितलं होतं. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, महिनाभर काहीच नाही, मग प्रथम अपील, मग "माहिती उपलब्ध नाही" एवढं एका ओळीचं पत्र. पाणी घरात छातीपर्यंत आलेला माणूस तो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला, गेलं की आजपण रात्रभर जागा असतो, त्याला नाल्याचा कागद बघायला एवढं पळवायचं?

आता इथलं. मी व्हर्जिनियात राहतो, काउंटीच्या साइटवर कुठल्याही घराचा मालक नि टॅक्स दिसतो, त्यामुळं दादाला वाटतं इथं सगळं चकाचक. तसं अजिबात नाही. १९९६ साली इथं कायदा झाला की सरकारी खात्यांनी लोक वारंवार मागतात ते कागद ऑनलाइन ठेवायचे, आणि २०१५ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह या संस्थेनं १६५ खात्यांच्या साइट उघडून तपासल्या तर नीट पाळणारी निघाली फक्त ६७. म्हणजे जवळपास २० वर्षांनंतर १०० मधली ४०! खाती म्हणतात कागद अंध लोकांनापण वाचता येतील असे करून टाकायचे तर फार वेळ जातो. ती अडचण खरी आहे, पण म्हणून कागद टाकायचेच नाहीत हे मला पटत नाही.

२०१६ ला मग इथल्या कायद्यातच घातलं, एकच कागद तीन किंवा जास्त वेळा मागितला गेला असेल तर तो सगळ्यांसाठी ऑनलाइन टाकायचा. मला हे फार आवडलं, कारण आपल्याकडं रस्त्याचं बिल, टेंडर, मोजणी हेच हेच मागितलं जातं, दरवेळी झेरॉक्स, दरवेळी ३० दिवस, आणि ते उत्तर ज्यानं मागितलं त्याच्याच घरात पडून राहतं. ब्लॅकमेल करणाऱ्याचं भांडवल तेच की, कागद त्याच्या एकट्याकडं आहे!

कायदा उत्तम आणि पाळणारं कमी, हे दोन्हीकडं सारखंच. फरक एवढाच की इथं कुणीतरी बाहेरच्यानं एकेक साइट उघडून आकडा काढला आणि खात्यांची नावं घेऊन छापला. सांगलीत हे करायला माहिती आयोगाची परवानगी लागत नाही. तहसील, जिल्हा परिषद, महापालिका, पाटबंधारे, एकेकाची साइट उघडायची, १७ पैकी किती बाबी आहेत आणि शेवटची तारीख कुठल्या सालची आहे ते लिहायचं. दिवाळीत मी येतोय, दादाला सांगितलंय दोन दिवस मोकळे ठेव, पहिली साइट काकांच्या नाल्याच्या खात्याची उघडायची.