डिकीतला कोयता

मागच्या आठवड्यात बहिणीच्या मुलाची गाडी घेऊन कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत बाजार करायला गेले होते. पिशवी ठेवायला डिकी उघडली, तर रेनकोटखाली पेपरात गुंडाळलेला कोयता. आमच्याच गावच्या शेडातला. मुठीला बांधलेली सुतळीसुद्धा ओळखीची. पोरगं १९ वर्षांचं आहे, पहाटे पाचला उठून भरतीसाठी पळतंय. घरी येऊन विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "सेफ्टीला ठेवलंय मावशी. आता सगळ्यांच्याच गाडीत असतंय."

ते "सगळ्यांच्याच" माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसले. मोठी पोस्ट आहे, पण ज्यांच्या घरात गाडी फिरवणारी पोरं आहेत त्यांनी पूर्ण वाचा.

त्याला रागवायचा मला फार अधिकार नाही, कारण साडेतीन वर्षं माझ्याही पर्समध्ये चाकू होता. २०१७ च्या दिवाळीत आमच्या कॉलनीच्या बोळात मागून मोटरसायकल आली आणि गळ्यातलं मंगळसूत्र ओढून नेलं. मानेवर वळ उठला, गुडघा फुटला, पण त्यापेक्षा वाईट नंतरचे महिने गेले. मागून कुठलीही गाडी आली की छातीत धस्स व्हायचं. रंकाळ्यावर फिरायला जाणं बंद केलं. मग एक दिवस घडीचा चाकू घेतला आणि पर्सच्या पुढच्या कप्प्यात टाकला. ह्यांनाही सांगितलं नाही. आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी फार बरं वाटलं. ते बरं वाटणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. घाबरलेल्या माणसाला मुठीत धरायला काहीतरी लागतं.

मग एका दुपारी पार्किंगवरून एका टेम्पोवाल्याशी वाजलं. माझ्या गाडीला ओरखडा गेला होता. तो वरच्या आवाजात बोलला, मीही बोलले. तो एक पाऊल पुढे आला. मी मागे सरले नाही. एरवी मी "जाऊ दे" म्हणून गाडी काढली असती, आयुष्यभर तेच केलं होतं. त्या दिवशी तिथंच उभी राहिले आणि थोड्या वेळानं ध्यानात आलं की माझा उजवा हात पर्समध्ये आहे आणि चेन उघडलेली आहे. एका ओरखड्यासाठी! तो माणूस शिवी देऊन निघून गेला म्हणून वाचलो. तो आणि मी, दोघंही. घरी येऊन हात थरथरत होता. चोर समोर आला तर चाकू कामाला येईल असं मला वाटत होतं. चोर कधी आलाच नाही. आला तो टेम्पोवाला, आणि चाकूनं मला तिथून हलू दिलं नाही.

माझे आजोबा मर्दानी खेळातले. लाठी, फरी-गदका, दांडपट्टा सगळं करायचे. आम्हा मुलींनाही अंगणात उभं करायचे, पण कित्येक आठवडे हातात काठीच द्यायचे नाहीत. नुसता पवित्रा. पुढचा पाय, मागचा पाय, सरकायचं कसं, वळायचं कसं, समोरच्यापासून किती अंतर ठेवायचं. आम्ही कंटाळायचो. "आधी पाय शिका, हात मग," एवढंच म्हणायचे. त्याचा अर्थ मला त्या टेम्पोवाल्याच्या प्रसंगानंतर लागला. अंतर तोडून बाहेर पडणं हाही डावच आहे, आणि तो पहिला शिकवतात.

आपलं कोल्हापूर हत्याराला भिणारं गाव नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफलमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकून आली, भारतीय महिला नेमबाजांतलं त्या स्पर्धेतलं पहिलंच सुवर्ण. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिम्पिकचं कांस्य आणलं. त्यांच्या खेळात पहिला धडा नेम धरण्याचा नसतो. नळी कुठं रोखायची नाही आणि बोट चापावर कधी ठेवायचं नाही, हा असतो. माझ्या मामांकडे राधानगरीच्या बाजूला पीकरक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. गवे आणि डुकरं उसात शिरायची म्हणून. दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायचे, पावती जपून ठेवायचे. ती बंदूक खांद्याला लावून मामा कधी बाजाराला गेलेले मी पाहिले नाहीत.

आता कायद्याचं. पोरांना वाटतं, कोयता शेतीचं अवजार आहे, कोण काय म्हणतंय. उसाच्या फडात आहेच अवजार. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांत धरलेली आहेत आणि घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. पण रात्री अकराला नाकाबंदीत डिकी उघडली आणि पेपरात गुंडाळलेला कोयता निघाला, तर "ऊस तोडायला चाललोय" हे कोण ऐकणार? शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली सण, निवडणुका, आंदोलनं आली की जिल्ह्यात शस्त्रबंदीचा आदेश निघतो. त्यात चाकू, तलवार, काठीसुद्धा येते. पेपरात कोपऱ्यात छापून येतं, आपण वाचत नाही. "शस्त्र अधिनियम ४, २५ आणि पोलीस अधिनियम ३७(१), १३५" ही ओळ मात्र पकडलेल्या पोराच्या बातमीत दिसते. भरतीला पळणाऱ्या पोराच्या चारित्र्य पडताळणीत अशी नोंद निघाली तर पहाटेचं सगळं पळणं वाया.

आणि "स्वसंरक्षणाचा अधिकार आहे की" असं म्हणणाऱ्यांसाठी. आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात कलम ३४ ते ४४ याच विषयाची आहेत. जीव जाण्याची किंवा गंभीर इजेची रास्त भीती असेल, बलात्काराचा, अपहरणाच्या हेतूनं किंवा ॲसिडचा हल्ला असेल, तर प्रतिकारात समोरच्याचा जीव गेला तरी कायदा बचाव मान्य करू शकतो. आपल्या बायकांनी हे माहीत करून घ्यायलाच पाहिजे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि धोका संपला की अधिकारही संपतो. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेला वार बचावात बसत नाही. पोरांच्या तोंडी अजून ३०७ आहे, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं जुनं कलम. ते आता कलम १०९ झालंय आणि जखम झालेली असेल तर त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

भाचा मला म्हणाला, "जीव घ्यायचा नसतोय मावशी, मांडीवर मारायचं फक्त." हे कोण शिकवतंय या पोरांना? मांडीतून मोठी रोहिणी जाते. ती तुटली तर काही मिनिटांत माणूस संपतो, सीपीआर या सरकारी दवाखान्यात पोहोचेपर्यंतसुद्धा टिकत नाही. कुणाला असं लागलेलं दिसलं तर जखमेवर कापड धरून अंगाचा भार टाकून दाबा, सोडून बघू नका, आत काही रुतलेलं असेल तर उपसू नका आणि कुणालातरी १०८ लावायला सांगा. हे शिकलेला एक पोरगा गल्लीत असला तर मला जास्त सुरक्षित वाटेल.

चाकू आता घरात आहे, भाजी चिरायला. पर्समध्ये शिट्टी आहे, छोटी बॅटरी आहे. उशीर झाला की लेकीला लाइव्ह लोकेशन पाठवते. फोनवरून ११२ कसं लागतं, पॉवर बटण पटापट दाबल्यावर आपल्या हँडसेटमध्ये नक्की काय होतं, हे घरी बसून एकदा तपासून घ्या, अंधारात शोधू नका. मिरचीच्या स्प्रेला माझा विरोध नाही. पण तो पर्सच्या तळाशी असून उपयोग नाही, वाऱ्याच्या उलट मारला तर आपल्याच डोळ्यांत जातो, आणि डब्यावरची मुदत बघायची असते. महिला दिनाला वाटलेले स्प्रे मी कपाटात तसेच पडलेले पाहिलेत. ते वाटणाऱ्यांनी त्याच दिवशी तासभर मुलींना मागे सरकायला आणि पोटातून ओरडायला शिकवलं असतं, तर मी त्यांचे आभार मानले असते. निम्म्या मुलींच्या तोंडून आवाजच फुटत नाही. आणि बोळातला बंद दिवा लावून घेणं हीसुद्धा सुरक्षाच आहे. आमच्या बोळातल्या दिव्यासाठी आम्ही सात बायका तीनदा अर्ज घेऊन गेलो, तेव्हा लागला.

भाच्याच्या डिकीत कोयता का आला, हे काढायला मला तीन दिवस लागले. फुटबॉलच्या मॅचनंतर एका स्टेटसवरून वाद झाला होता. दुसऱ्या पेठेतली चार पोरं त्याच्या क्लासबाहेर दोनदा येऊन थांबली होती. "भेट तू," एवढंच म्हणाली. त्यानं घरात कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर भित्रा ठरेल. मित्रांना सांगितलं, आणि मित्रांनी सल्ला दिला, "सेफ्टीला ठेव." एकालाही वाटलं नाही की याच्या आईला फोन करावा.

रविवारी आम्ही दोघं गावी जाऊन कोयता शेडात त्याच्या खुंटीला अडकवून आलो. येताना गाडीवर तो एक शब्द बोलला नाही. क्लासला आता आठवडाभर त्याचे वडील सोडायला जातात, त्याला ते आवडत नाही, तरी जातात. स्टेटसचे आणि मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. उद्या सकाळी दहाला आम्ही तिघं पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जाणार आहोत आणि त्या चार पोरांपैकी एकाची आई माझ्या ओळखीची निघाली, तिच्याकडे मी संध्याकाळी एकटीच जाणार आहे. तिच्याही पोराची डिकी बघायला सांगणार आहे.

तुम्हीही आज रात्री पोरं झोपल्यावर किल्ली घेऊन खाली जा आणि डिकी उघडून बघा. काही सापडलं तर लगेच आरडाओरडा करू नका. तो कुणाला भितोय, हे आधी विचारा.