पिशवीतली पिल्लं आणि कावेरीचा मासा

परवा घरच्या ग्रुपवर एक फोटो आला. पाच-सहा जण पँटी दुमडून गुडघाभर पाण्यात, हातात ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, मागे बॅनर. महासीर माशाची पिल्लं नदीत सोडली म्हणे. मीही सवयीने अंगठा दिला आणि पाच मिनिटांनी काढून घेतला. का, ते सांगतो. थोडं लांबेल.

माझं आजोळ महाडकडचं. लहानपणी वाळणकोंडीला जाणं ठरलेलं. काळ नदीच्या त्या डोहात वरदायिनीचे मासे आहेत. कुरमुऱ्यांची मूठ टाकली की आधी पाणी काळवंडतं, मग हातहातभर मासे एकमेकांच्या अंगावरून वर येतात, ओठ जाड, खवले बंद्या रुपयाएवढे. मासळीशिवाय घास न उतरणारे आमचे मामा तिथे हात जोडून उभे राहायचे. देवीचे मासे, जाळं टाकायचं नाही. विषय संपला.

तोच हा महासीर, म्हणजे आपली खडशी. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा नमुना होता पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला (हो, त्याच मुळा-मुठेतला!) आणि नावात 'खुद्री' हा शब्द घातला. पुढे हा मासा कमी होऊ लागला, तेव्हा लोणावळ्याला वळवण तलावाशी टाटांच्या केंद्रात त्याची अंडी कृत्रिम रीतीने फलित करून पिल्लं वाढवायला सुरुवात झाली. काम मेहनतीचं, हेतू चांगला, आणि त्याबद्दल मला आदरच आहे. त्यानंतर पिल्लं देशभरातल्या पाण्यात गेली. त्यातली काही कर्नाटकात, कावेरीत.

आता कावेरीत स्वतःचा एक महासीर होताच. पाठीवर कुबड, पर केशरी. १९४६ मध्ये कावेरीच्या उपनदीत, कबिनीत, गळाला लागलेला एक मासा १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा भरला होता. जगभरचे गळवाले त्याच्यासाठी यायचे, मासा धरून, तोलून पुन्हा पाण्यात सोडायचे. गंमत अशी की गळवाले त्याला दीडशे वर्षं ओळखत होते, पण शास्त्राच्या वहीत या माशाला पक्कं नावच नव्हतं. ते लागलं २०१८ मध्ये, 'टॉर रेमादेवी'. नाव लागलं तसा तो 'अत्यंत संकटग्रस्त' यादीत गेला. बारसं आणि आयसीयू एकदमच!

का गेला? धरणं आली, वाळू उपसली, डोहात सुरुंग उडवले. हे सगळं आहेच. पण गळवाल्यांच्या कॅम्पमधल्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा वेगळीच गोष्ट दिसली. मासे भरपूर मिळत होते, आकडा वाढत होता. पण वाढत होता तो निळ्या परांचा, म्हणजे आपल्याकडून गेलेला खडशी. कुबडवाला जवळपास दिसेनासा झाला होता. महासीर वाढला म्हणून सगळे खूश, आणि ज्याच्यासाठी खटाटोप तोच बाहेर. आता त्याची बरी वस्ती उरली आहे ती मुख्यतः कावेरीच्याच खोऱ्यातल्या मोयार नदीत.

म्हणून मी अंगठा काढला. कोणत्या नदीचा मासा कोणत्या नदीत टाकतोय हे पिशवी धरणाऱ्यांपैकी कुणीच विचारत नाही. ज्या नदीत आधीचा मासा जगत नाही, तिथे पिशवीतलं बोटभर पिल्लू काय खाऊन जगणार, हेही नाही.

महासीर हा चढणारा मासा. पावसाचं पाणी आलं की प्रवाहाविरुद्ध वर जातो आणि गोट्या-खड्यांच्या उथळ, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. गोटे ट्रकमधून गेले की अंडी घालायला जागा नाही. मधे भिंत आली की चढण संपली. पिल्लं सोडून यातलं काहीच सुटत नाही.

आणि आपण काय करतो? पहिल्या पावसात ओढ्यावर धावतो. चढणीचे मासे! गाबोळीने फुगलेले. खोटं कशाला बोलू, मीही चवीने खाल्ले आहेत. समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती का असते हे कोकणात शाळकरी पोरही सांगेल. ओढ्याच्या बाबतीत मात्र आपण सगळे अडाणी. सुरुंग आणि विष घालून मासे मारायला १८९७ पासून कायद्याने बंदी आहे, तरी डोहावर 'तोटा टाकला' हे अजून कौतुकाने सांगणारे महाभाग मला माहीत आहेत.

मला विचाराल तर बॅनरच्या पैशात दोन साधी कामं होतील. डोह राखायचे, वाळणकोंडीसारखे, देवीचे म्हणा नाहीतर ग्रामपंचायतीचे म्हणा. आणि केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, मृगाच्या आधी काढायचे. आमच्याकडच्या एका बंधाऱ्याचे बर्गे गेल्या वर्षी गंजून अडकले होते. पाऊस सुरू झाला तरी ते निघेनात. खाली फळीला तोंड आपटत मासे उड्या मारत होते आणि वर पोरं टोपली घेऊन बसली होती.

तुमच्या गावच्या बंधाऱ्याचे बर्गे कधी निघतात? नक्की तारीख माहीत असेल तर कमेंटमध्ये टाका, तालुक्याच्या नावासकट. मी यादी करतोय.