विहीर आणि शोषखड्डा, मध्ये अंतर किती?

कोकणात पाण्याचा विषय निघाला की बोलणं टँकरवर येऊन थांबतं. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात वाडीवर टँकर यावा लागतो, हे संतापजनकच आहे. त्यावर बोललंच पाहिजे. पण आज मला भरलेल्या विहिरीबद्दल लिहायचंय. पाणी हाताला लागेल इतकं वर आलेलं असतं आणि कुणाची काही तक्रार नसते, तेव्हाच्या विहिरीबद्दल.

घर बांधताना जांभ्या दगडाचा चिरा जवळून पाहिला असेलच. आरपार भोकं असतात त्याला. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, पाणी टिकत नाही ते त्यामुळेच, आणि जूनमध्ये दोन-चार जोरदार सरी आल्या की विहीर भराभर चढते तीही त्यामुळेच. मातीच्या जाड थरातून पाणी हळूहळू झिरपलं तर बरेचसे जंतू वाटेतच अडकतात. जांभ्याच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून मात्र ते गाळलं न जाता थेट उतरतं. आणि याच जांभ्यात आपण घरोघरी संडासाचं पाणी जमिनीत जिरवणारे शोषखड्डे खणलेत.

गैरसमज नको. २०१४ नंतर गावोगाव संडास झाले, ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका अंधार पडायची वाट बघायच्या, पावसात तर हाल विचारू नका. तो त्रास संपला. पण १२ हजारांच्या अनुदानात संडास उभा करताना खड्डा कुठे घ्यायचा ते मोकळ्या जागेने ठरवलं. परड्यात जागा होती, तिथे खणला. विहीर त्याच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, पावसात भूजल किती वर येतं, हे बहुतेक ठिकाणी कुणी पाहिलंच नाही. विहिरीपासून दहा-पंधरा मीटर लांब खणा असं सांगतात, ते मातीच्या जमिनीला ठीक आहे. भेगाळ कातळात तेवढं पुरत नाही. त्यात श्रावणात भूजल इतकं वर येतं की अनेक खड्ड्यांचा तळच पाण्यात बुडतो.

गेल्या गणपतीनंतर जलसुरक्षकाला, म्हणजे गावच्या पिण्याच्या पाण्याची देखभाल करणाऱ्याला, सोबत घेऊन आमच्या वाडीच्या विहिरीचं पाणी तपासलं. त्यासाठी औषध भरलेली छोटी बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि बाटली उबदार जागी ठेवून द्यायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात मैल्यातले जंतू असण्याची दाट शक्यता. आमची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीच काळीकुट्ट झाली होती. तेच पाणी पेल्यात घेतलं तर नितळ, चवीला गोड. वाडीतल्या एक काकी बराच वेळ एकदा बाटलीकडे आणि एकदा पेल्याकडे बघत राहिल्या.

गणपतीत घराघरात चाकरमानी, चार माणसांच्या संडासाला वीस माणसं, आणि वरून पाऊस. त्याच पंधरवड्यात लहान मुलांना जुलाब लागतात आणि आपण म्हणतो, मुंबईची पोरं, पाणी बदललं म्हणून झालं. पण जे पाणी गावच्या पोरांनाही बाधतं, त्याला काय म्हणायचं?

किनाऱ्यावरच्या गावांत तर पर्यटकांसाठी खोल्या वाढल्या, प्रत्येक खोलीला स्वतंत्र संडास. वाळूतलं भूजल अगदी वर असतं. सेप्टिक टँकचं पाणी जातं कुठे, हे तिथल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने विचारायला हवं.

"आमच्या आजोबांनी हेच पाणी प्यायलं, काय झालं?" हे मी नेहमी ऐकतो. घरात आजी असेल तर तिला विचारा, त्या काळात किती घरांत वर्षाच्या आतली मुलं गेली. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ म्हणजे काय, हेही विचारा.

आणि हे फक्त जुन्या काळातलं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये हैतीत कॉलरा पसरला तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरचा मैला नदीच्या उपनदीत गेल्यामुळे. तो गरीब देश तेव्हा नुकताच भूकंपातून सावरत होता. सुमारे दहा हजार माणसं गेली. लोक नदीचंच पाणी पीत होते, कारण दुसरं नव्हतं. एका ठिकाणचा मैला, खालच्या अंगाला पिणारी माणसं, आणि मध्ये अडवायला काही नाही. आपल्या वहाळाकाठच्या उद्भव विहिरी, म्हणजे नळयोजनेला पाणी पुरवणाऱ्या विहिरी, आठवून बघा.

जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) आणि युनिसेफ पाण्याला सुरक्षित म्हणताना तीन गोष्टी बघतात: घरात मिळतं का, हवं तेव्हा मिळतं का, आणि दूषित नाही ना. त्या मोजणीत जगातले २१० कोटी लोक अजून बाहेर आहेत. सरकारच्या जलजीवन योजनेचा नळ दारात आला की आपण पहिल्या गोष्टीवर खूश होतो, पण नळाला पाणी त्याच विहिरीचं असेल तर तिसरी तशीच राहते.

टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर, हा यावरचा साधा उपाय, पण ती रोज, मापात आणि ताजी पडायला हवी. उघड्या पोत्यात महिनोन् महिने पडून राहिलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो, मग ती टाकून उपयोग नाही. जलसुरक्षकाला मानधन किती तुटपुंजं आणि किती उशिरा मिळतं, हेही बघा. ज्याच्या हातात अख्ख्या गावाची तब्येत, त्याच्याशी आपण असं वागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

१ मेची ग्रामसभा जवळ आलीय आणि मुंबईकरही गावी असतील. आपापल्या ग्रामपंचायतीत हे मागा. पावसाआधी आणि पावसानंतरचे पाणी तपासणीचे अहवाल फलकावर लावा. पाण्याच्या सर्वेक्षणात गावाला कुठल्या रंगाचं कार्ड मिळालं ते सांगा, पाणी दूषित व्हायचा धोका किती ते त्या रंगावरून कळतं. प्रत्येक सार्वजनिक विहिरीभोवतीचे शोषखड्डे नकाशावर घ्या, आणि जे फार जवळ आहेत ते हलवायला त्या घरांना पैसे द्या, दंड नको. नवीन खोल्या बांधायला परवानगी देण्याआधी मैला जाणार कुठे ते लिहून घ्या.

तोवर पहिला पाऊस पडल्यापासून दिवाळीपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच घ्या. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट गॅस चालू ठेवा. आणि झाकण ठेवून गार करा.